नाव चुकलंय, कॅन्सल करा

साहेबांचा फोन आला की मी उभा राहायचो. सोफ्यावर असलो तर उभा राहायचो, आडवा असलो तर आधी उठून बसायचो आणि मग उभा राहायचो. हे माझ्या स्वतःच्या कधी लक्षात आलं नाही. बायकोने एकदा मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं तेव्हा कळलं. त्यात मी कामोठ्याच्या आमच्या हॉलमध्ये हाफ पँटवर उभा राहून पंख्याकडे बघत "हो सर, लगेच सर" म्हणत होतो, आणि डावा हात चक्क मांडीला चिकटवलेला होता, शाळेत प्रार्थनेला चिकटवतात तसा.

मी काय काम करतो ते सांगतो, म्हणजे एवढी तत्परता कशासाठी होती ते कळेल. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी डिस्पॅच मॅनेजर आहे. आम्ही औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. तयार झाकणं खोक्यांत भरून ट्रकने औषध कंपन्यांकडे पाठवायची, एवढं माझं खातं. झाकण एक दिवस उशिरा पोचल्यामुळे कुठला रुग्ण दगावला असेल असं मला आज वाटत नाही. पण त्या काळात वाटायचं. त्यामुळे फोन वाजला की माझ्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरचे भाव येत.

नातेवाइकांत मी याबद्दल भरपूर तक्रार करायचो. "काय सांगू, रविवारीसुद्धा सोडत नाहीत. माझ्याशिवाय पान हलत नाही तिथं." ही तक्रार करताना माझा आवाज जितका दमलेला असायचा तितकी छाती पुढे आलेली असायची. कुणी म्हणालं, "अहो, मग उचलू नका ना," तर मला त्या माणसाची कीव यायची. ज्याला कुणी फोनच करत नाही त्याला काय कळणार, असं वाटायचं.

एकदा मी दाताच्या डॉक्टरांकडे होतो. रूट कॅनल चाललं होतं. तोंडात कापसाचे बोळे, ओठ बधिर, आणि खिशात फोन थरथरायला लागला. मी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं. त्यांना वाटलं दुखतंय. मी फोन कानाला लावला. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी म्हणालो, "आँ." त्यांनी पुन्हा विचारलं, मी म्हणालो, "आँ आँ." ते म्हणाले, "ठीक आहे, मग सोडतो गाडी." दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी विचारलं होतं, गाडी नाशिकला सोडू का, आणि माझा पहिला "आँ" म्हणजे "काय म्हणालात?" असा प्रश्न होता. गाडी नाशिकला जाऊन परत आली. साहेब मला काही बोलले नाहीत. मीच त्यांची माफी मागितली, बधिर नसलेल्या तोंडाने.

त्याच सुमाराला आमच्या खात्यात एक नवी मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई. पण मी खात्यात सगळ्यात जुना, म्हणून मला सगळेच मुलं-मुली वाटतात. कामात चोख. सहा वाजले की टेबल आवरायची, बाटलीत पाणी भरायची आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला संध्याकाळी घरून फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला नाही. मेसेज टाकला, त्यापुढे तीन उद्गारचिन्हं टाकली. काही नाही.

सकाळी ती स्वतःच माझ्या टेबलाशी आली. "सर, काल तुमचा फोन येऊन गेला. काय काम होतं?"

"अर्जंट होतं," मी म्हणालो.

"मग झालं का ते?"

"झालं."

"कोणी केलं?"

मी आठवून पाहिलं. कोणीच केलं नव्हतं. ट्रक पोचला का एवढंच विचारायचं होतं, आणि ट्रक पोचला होता. "तो मुद्दा नाही," मी म्हणालो. "डिस्पॅच म्हणजे चोवीस तासांचं खातं असतं."

"माझ्या नेमणूकपत्रात नऊ ते सहा लिहिलंय सर," ती शांतपणे म्हणाली. "सहानंतर कुणीतरी हजर लागत असेल तर तशी पाळी लावा. माझ्या पाळीला मी उचलेन, त्याची बदली सुट्टी घेईन. पण सगळ्यांनी सगळा वेळ हजर राहायचं, याला ड्युटी कसं म्हणायचं?"

तिच्या बोलण्यात उर्मटपणाचा अंशही नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग आला. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. आजकालच्या लोकांत निष्ठा कशी राहिली नाही, आम्ही कसं आयुष्य घातलं, वगैरे. बायको कामोठ्यातच दहावीच्या शिकवण्या घेते. ती पेपर तपासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचा नंबर दे मला. मैत्री करायचीय."

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. झालो नाही. त्याला गव्हाणचं बारसं घडावं लागलं.

गव्हाण ही माझी सासुरवाडी. बायकोच्या माहेरची माणसं मूळची शेती आणि मिठागरं करणारी. आता सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांचं तीन मजली घर आहे. मेव्हण्याने ते हौसेने बांधलंय. मध्यभागी मोठा हॉल आणि हॉलच्या वर थेट गच्चीपर्यंत मोकळी जागा ठेवलीय, उजेड यावा म्हणून. गच्चीवर त्या मोकळ्या जागेला कमरेएवढा कठडा आहे. या कठड्याचं महत्त्व पुढे येईल.

मेव्हण्याला लग्नानंतर खूप वर्षांनी मुलगी झाली होती. सगळं घर वेडं झालं होतं. रविवारी दुपारी बारसं. माझी बायको एकुलती एक आत्या, म्हणजे नाव ठेवण्याचा मान तिचा. नाव तिने महिनाभर खपून शोधलं होतं आणि मलासुद्धा सांगितलं नव्हतं. "तू फोनवर कुणालातरी सांगशील," असं तिचं म्हणणं होतं.

पाळणा हॉलच्या मध्यभागी, उजेडाच्या खाली टांगलेला. झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, शेजारपाजारच्या बायका, सासूबाई हिरव्या नऊवारीत. बायकांनी पाळण्याचं गाणं सुरू केलं आणि माझा फोन वाजला. साहेबांसाठी मी वेगळी रिंगटोन ठेवली होती, सनई-चौघड्याची, आदर म्हणून. पाळण्याजवळ सनई ऐकून दोन-तीन बायकांना वाटलं की ही मेव्हण्याचीच व्यवस्था आहे. बाळ मात्र दचकून रडायला लागलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. पण फोन न उचलण्याइतका शहाणाही नव्हतो. मी जिना चढून गच्चीवर गेलो. तिथे रेंज एका ठिकाणीच नीट येत होती. नेमकी त्या कठड्याजवळ.

साहेब म्हणाले, आपण पाठवत असलेल्या मालाच्या बिलावर घेणाऱ्या कंपनीचं नाव चुकलंय, आता काय करायचं? अशा वेळी ते बिल रद्द करून नव्या नावाने पुन्हा काढायचं असतं. हे साहेबांना माहीत होतं. मला माहीत होतं. बिल काढणाऱ्या कारकुनालाही माहीत होतं. तरीही साहेबांनी कॉन्फरन्सवर कारकुनाला घेतलं आणि मी त्याला समजावून सांगू लागलो. कारकून कारखान्यात मशिनच्या आवाजात उभा, त्यामुळे मला ओरडावं लागत होतं.

खाली नेमकं त्याच वेळी गाणं संपलं होतं. माझी बायको बाळाच्या कानाशी वाकली, तिने कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत हसत-हसत धपाटे घातले, आणि मग तिने मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव जाहीर केलं. क्षणभर सगळे गप्प झाले, नाव तोंडात घोळवून बघत. आणि त्या शांततेत, उजेडाबरोबर, वरून माझा आवाज आला :

"नाव चुकलंय! हे नाव कुणी दिलं? नाही, हे नाव अजिबात चालणार नाही. कॅन्सल करा! आधी हे कॅन्सल करा, मग नवीन नाव टाका!"

मला खालचं काही कळलं नाही. मी आणखी दोन वाक्यं बोललो म्हणे. त्यातलं एक, "कुणालाही न विचारता नाव टाकताच कसं तुम्ही?" असं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. मी वळलो तर सासूबाई. त्या वयाने सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखणाऱ्या. तीन मजले चढून आल्या होत्या. त्यांच्या मागे मेव्हणा, त्याच्यामागे माझी बायको, आणि जिन्यात जमेल तेवढी मंडळी. मेव्हण्याच्या बायकोचा रडण्याचा आवाज खालून येत होता.

"जावई," सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा नाव आवारला नाय तं खाली येवून सांगाचा. वरशी बोंबलाचा नाय."

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "अहो नाही, मी बिलाबद्दल बोलत होतो."

"कंचा बिल?"

"झाकणांचं."

हे ऐकून जिन्यातलं कुणीतरी हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. दुसरं काय करणार होतो. त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, त्या नेहमी स्पीकरवरच बोलतात. त्यांनी स्पीकर लावला.

"कोन बोलताय?"

पलीकडे साहेब गोंधळले. "मी... त्यांच्या ऑफिसातून. आपण?"

"मी सासू त्यांची. आज आमच्या घरी बारसा हाय. आमी पोरीचा नाव ठेवला आन यांनी वरशी कॅन्सल केला. आता तुमी मना सांगा, तुमचा असा काय काम हाय का उद्या केला तं चालाचा नाय?"

मी डोळे मिटले. मनात म्हणालो, आता साहेब सांगतील. सांगतील की आजी, तुमचा जावई म्हणजे कारखान्याचा कणा आहे, याच्याशिवाय गाडी अडली असती. मला नोकरी जाण्याची भीती वाटत होती, आणि त्याच वेळी सासरच्या पन्नास माणसांसमोर आपलं महत्त्व जाहीर होणार याचा आनंदही होत होता. माणूस किती पोकळ असू शकतो याची ही मला मिळालेली सर्वात चांगली झलक.

साहेब म्हणाले, "नाही हो आजी, तसं अर्जंट काही नव्हतं. उद्यासुद्धा चाललं असतं."

"मंग यांना कनाला फोन लावलाव?"

साहेब मुळात सरळ माणूस आहेत. म्हणाले, "खरं सांगू का? बाकी कुणी उचलत नाही. हे उचलतात, म्हणून मी यांना लावतो."

कठड्यावरून हे वाक्य खाली हॉलमध्येही उतरलं असणार, कारण खालचं रडणं थांबलं. मी मेव्हण्याकडे पाहिलं, त्याने भलतीकडे पाहिलं. बायको माझ्याकडेच बघत होती. चिडलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मला वाईट वाटत असल्याबद्दलचं वाईट वाटणं होतं, आणि ते सहन करणं अवघड होतं.

"जेवलाव का तुमी?" सासूबाईंनी साहेबांना विचारलं.

"नाही अजून."

"मंग जेवा आता," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि कमरेला खोचला. तो मला संध्याकाळी निघताना मिळाला.

खाली जाऊन मी मेव्हण्याच्या बायकोची माफी मागितली. नाव खरोखर सुंदर होतं, हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तीच म्हणाली, "भावजी, पुरे." पण म्हाताऱ्या बायकांना चैन पडेना. जाहीर झालेलं नाव लगेच कुणी नाकारलं हे बरं नाही, असं त्यांचं मत पडलं. मग सगळं पुन्हा झालं. पाळण्याचं गाणं पहिल्यापासून, कानात कुर्र पहिल्यापासून, बायकोच्या पाठीत धपाटेही पहिल्यापासून. या खेपेला मात्र मला पाळण्याची दोरी धरून उभं केलं होतं, सगळ्यांच्या नजरेसमोर. नाव जाहीर झाल्यावर पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, "छान आहे. चालेल." तेव्हा कुठे घुगऱ्या वाटल्या गेल्या.

परतीच्या रिक्षात मी बायकोला म्हणालो, "बाकी कुणी उचलत नाही म्हणाले."

"ऐकलं मी."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"अरे, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला इतकं बरं वाटायचं, म्हणून बोलले नाही."

सोमवारी मी त्या नव्या सहकारी बाईच्या टेबलाशी गेलो आणि घसा खाकरून म्हणालो, "ते तुमचं पाळीचं काय होतं?" तिने खुर्ची सरकवली आणि तासाभरात सगळं समजावलं. कारखान्यातल्या कामगाराला जादा वेळेचा मोबदला कायद्याने मिळतो. आम्ही ऑफिसवाले, त्यातून मी नावापुढे मॅनेजर लावणारा. माझ्या बाबतीत कायद्याला फारसं काही म्हणायचं नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क काही देशांनी लिहून दिलाय, आपल्याकडे अजून बोलणीच चालू आहेत. "म्हणून कंपनीतच नियम करून घ्यायचा सर. मागितल्याशिवाय कोण देणार?" मॅनेजर ही पाटी मला मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते. त्या पाटीबरोबर आपण काय सोडून दिलं हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी पेढेच वाटले असते.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यात उभा राहिलो, म्हणून पुढचं ती बसून बोलली. सहानंतर एकच ड्युटी फोन. दर आठवड्याला तो एकाकडे. ज्याच्याकडे फोन त्याला बदली सुट्टी. बाकीच्यांना सकाळपर्यंत कुणी फोन करायचा नाही आणि फोन न उचलल्याबद्दल कुणाला काही ऐकवायचं नाही.

साहेब म्हणाले, "आणि खरंच मोठी अडचण आली तर?"

"तर ड्युटीवाला उचलेलच सर. त्याच्यासाठीच तो आहे."

साहेबांनी विचार केला. मला वाटतं, त्यांना नकार द्यायचा होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी सगळं शांत आहे ना आता?" मी हो म्हणालो. "तीन महिने करून बघू," ते म्हणाले.

पहिला आठवडा तिच्याकडे फोन होता. सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो, चहा घेतला आणि बसलो. फोन वाजला नाही. रेंज आहे का पाहिलं, होती. फोन बंद करून चालू केला. शेवटी बायकोला म्हणालो, "मला जरा एक रिंग दे." तिने स्वयंपाकघरातून दिली. मी धावत जाऊन उचलली. ती म्हणाली, "चालू आहे. भेंडी चिरायला ये."

पुढचे दिवस याहून वाईट गेले. माझ्या सहानंतरच्या कर्तबगारीला वाव राहिला नाही, म्हणून मी ती घरात वापरायला लागलो. डाळींचे डबे मी उंचीप्रमाणे लावले. बायकोला दोन दिवस तूरडाळ सापडली नाही. तिच्या शिकवणीच्या मुलांना मी वेळेच्या नियोजनावर चार शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी दोघं आली नाहीत. तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या साहेबांचा नंबर दे. मी हात जोडून सांगते त्यांना, रोज एक फोन करत जा म्हणून."

मग तिने मला संध्याकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. सेक्टरच्या बागेत चाललो की दर चौथा माणूस कानाला फोन लावून "हो सर, बघतो सर" करत असतो. मला त्यांची दया यायला हवी होती. खोटं कशाला बोलू, पहिला महिना मला त्यांचा हेवा वाटला.

तीन महिने कधीच होऊन गेले आणि पद्धत अजून चालू आहे. सगळंच सुधारलं असं नाही. साहेबांचा अधूनमधून हात घसरतो आणि रविवारी माझा फोन वाजतो. कधी मी उचलत नाही, आणि कधी, बायको भाजी आणायला गेलेली असली तर, उचलतो. पण फोनची संख्या खरंच घटली. ड्युटीवर एकच माणूस आहे म्हटल्यावर विचारण्याआधी लोक विचार करायला लागले, एवढंच त्याचं कारण असावं.

माझ्या ड्युटीचा आठवडा संपल्यावर मला पहिली बदली सुट्टी मिळाली, बुधवारी. भर आठवड्यात, सण नाही, आजारपण नाही. काय करायचं कळेना म्हणून दुपारी जेवून मोटारसायकल काढली आणि बायकोला घेऊन पाताळगंगेकाठच्या आपटा गावी गेलो. नदीला पाणी बेताचं होतं. ती पाण्यात पाय सोडून बसली, तिच्या एका विद्यार्थिनीची काहीतरी मोठी हकिकत सांगत होती. मी झाडाखाली आडवा झालो. हकिकत चांगली होती, पण ती कशी संपली ते मला माहीत नाही. मी झोपलो होतो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ती अजून तिथेच बसली होती, माझ्या चपला उन्हातून सावलीत आणून ठेवलेल्या.

"घोरत होतास," ती म्हणाली.

"मग उठवायचं ना."

"कशाला?" ती म्हणाली, आणि हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.